सूर्यभानच्या वजनाचा गूळ

आमच्या गावात पिठाची गिरणी एकच, आणि ती माझी. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. तिच्यापायी माझे कान गेले, डोकं अकाली पांढरं झालं, आणि आपल्याला नवरा म्हणून पिठाचं पोतं गळ्यात बांधलं असं बायको आजही म्हणते. पण गावातली गोष्ट आधी गिरणीवर येते आणि मग गावात जाते, एवढं खरं. दळण टाकून बसलेल्या बाया इंजिनाच्या वर आवाज काढून बोलतात, त्यामुळे आमच्याकडे गुपित म्हणून काही टिकत नाही. त्या सगळ्या आवाजांत चढा आवाज कडूबाईचा.

कडूबाई माझी शेजारीण. मी तिला मावशी म्हणायचो. राणीसावरगावहून कोसावर आमचं गाव, तिथं तिची दोन एकर बरड जमीन. दिवाळी झाली की ती ऊस तोडायला जायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतायची. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं, यमानं तोंडात घालू नये म्हणून. ती साठीला आली तरी डोक्यावर उसाची मोळी घेऊन शिडीनं ट्रकवर चढायची, तेव्हा यमानं नाव नीट वाचलं होतं असंच म्हणायचं. नवरा लवकर गेला. एकच पोरगा, सूर्यभान.

मावशीचं देवाशी वागणं शेजारणीसारखं होतं. राणीसावरगावच्या देवीपुढं हात जोडून डोळे मिटलेत असं मी तिला कधी पाहिलं नाही. ती पायरीवर बैठक मारून बसायची आणि देवीला सुनवायची. "पाऊस दिलास, बरं केलंस. पन एवढा उशीर कामून केला? झोपली व्हतीस का?" लिंबाजी गुरव गाभाऱ्यातून ओरडायचा की जरा हळू बोल. त्यावर ती म्हणायची, "तुझ्याशी कोन बोलायलंय?" मी स्वतः नवसबिवस मानत नाही. माझा विश्वास इंजिनावर, आणि त्याच्यावरही पूर्ण नाही. पण या बाईचं देवीशी भांडण ऐकायला मी मुद्दाम देवळात जायचो, हे कबूल करतो.

आता सूर्यभानचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय मावशीची गोष्ट होत नाही. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात युनिव्हर्सिटीच्या नावावरून मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरं जळाली, माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसेनाशी झाली. पुढच्या वर्षी आमच्या शिवारात रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं. तिथं मातीची पाटी सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच होती, आणि दुपारची भाकरी एकाच बाभळीखाली. सूर्यभाननं तिथल्या मजुरांची युनियन काढली. बोलायला चांगला, दिसायला काटकुळा, आणि आईसारखाच कुणालाही न भिणारा. मजुरी थकत गेली. अर्ज झाले, चकरा झाल्या, शेवटी सगळे मोर्चानं मुकादमाच्या तळावर गेले. तिथं पोलिसांच्या काठ्या पडल्या, दगड गेले. त्या गडबडीत सूर्यभाननं डिझेल ओतून पत्र्याच्या गोदामाला आग लावली. आत रखवालदार रंगनाथ तापानं फणफणून झोपला होता, हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. त्याला बाहेर काढलं, पण परभणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. रंगनाथही आपल्यासारखाच, पोटासाठी आलेला. मागं बायको तानुबाई आणि एक मुलगा.

खटला चालला. गर्दीतून आग कुणी लावली ते ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं, असं वकिलानं सूर्यभानला पढवलं होतं. आम्ही सगळे कोर्टात बसलो होतो. सूर्यभान उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आग म्याच लावली. आत मानूस हाय हे ठाऊक नव्हतं. पन बगायचं काम माझं व्हतं. म्या बगितलं न्हाई." वकिलानं कपाळावर हात मारला. सरकार पक्षाचं म्हणणं होतं की चळवळीच्या नावाखाली ठरवून केलेला हा खून आहे, जरब बसली पाहिजे. फाशी झाली. वरच्या कोर्टांनीही ती कायम केली. मुंबईला राज्यपालांकडे दयेचा अर्ज गेला, तो फेटाळला. मग एकच दार उरलं, दिल्लीचं.

त्या दिवसांत मावशी देवीच्या पायरीवर बसली होती, पण भांडत नव्हती. मग ती एवढंच म्हणाली, "आई, पोराच्या गळ्याचा फास सोडीव. तुझ्या दारात त्याला गुळानं जोखीन." म्हणजे सूर्यभानला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात गूळ घालायचा, आणि तो गूळ गावाला वाटायचा. आमच्याकडे लहान लेकरू दुखण्यातून उठलं की असं करतात. तिशी ओलांडलेल्या माणसासाठी हा नवस कुणी बोललेलं ऐकिवात नव्हतं.

दिल्लीहून काही येईना. वर्ष गेलं, आणखी गेलं. शहाऐंशी साली दसरा झाल्यावर मी गिरणीचा पट्टा आणायला परभणीला गेलो होतो. स्टेशन रोडवर सूर्यभानचा वकील भेटला. त्यानं मला भर रस्त्यात सायकलवरून उतरून मिठी मारली, तेव्हा मला वाटलं याला काहीतरी झालंय. तो म्हणाला, "राष्ट्रपतींनी फाशी रद्द केली. जन्मठेप झाली." मी तसाच स्टँडकडे पळालो. गंगाखेडच्या गाडीत बसल्यावर आठवलं की पट्टा राहिला.

मावशी गिरणीवरच होती, ज्वारीचं पायलीभर दळण घेऊन. मी सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"सोडला का?"

"न्हाई मावशी. सोडला न्हाई. फाशी न्हाई आता. जेलात ऱ्हाईल."

"पन जिता ऱ्हाईल?"

"जिता ऱ्हाईल."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग ज्वारीचं टोपलं उचललं, बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बन्सीधर, गिरणी बंद कर. आज कुनी दळायचं न्हाई." मी म्हणालो, "बंदच हाय मावशी, पट्टा कुठं आणलाय?" यावर ती जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रडली आणि रडता रडता मला पट्टा विसरल्याबद्दल शिव्या दिल्या. पुढचे काही दिवस गावातल्या बायांना जात्यावर दळावं लागलं, आणि त्यांनीही मला शिव्या दिल्या. इतक्या आनंदानं शिव्या खाल्ल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

मावशीला एका गोष्टीचं फार नवल वाटलं होतं. "निजामाच्या वक्ताला बी कैद्यांला माफी मिळायची," ती गिरणीवर सगळ्यांना सांगायची, "पन तवा नजराना द्यावा लागायचा. ह्यो दिल्लीचा मालक काईच मागंना. मंग ज्या देवीनं त्याचं मन फिरीवलं, तिला तरी द्यावं का न्हाई?" तिच्या हिशेबात राष्ट्रपती हा देवीच्या हाताखालचा माणूस होता. देवीनं सांगितलं, त्यानं सही केली. आणि देवीचा नवस थकला तर ती त्याला सही मागं घ्यायलाही सांगू शकते, अशी तिची पक्की खात्री. मी तिला पुष्कळ समजावलं की मावशी, राष्ट्रपतींचा हुकूम एकदा झाला की झाला. ती म्हणाली, "पाऊस बी पडला की पडला म्हनतेत. मंग दुबार पेरनी कामून करावी लागती?"

अडचण पुढंच होती. नवस फेडायचा तर सूर्यभान पारड्यात बसायला हवा, आणि सूर्यभान होता औरंगाबादला हर्सूलच्या जेलात. सुट्टीवर यायला अजून वर्षं लागतील, असं वकील म्हणाला. मावशी लिंबाजी गुरवाकडे गेली. लिंबाजी म्हणजे नियमाचा माणूस. देवीनं एखादे वेळी सूट दिली असती, यानं नसती दिली. तो म्हणाला, "नवस चैताच्या पुनवंच्या आत फेडावा लागतुया. अन् पारड्यात मानूस पायजे. दगड-मापं चालत न्हाईत. देवीला जीव जोखून दावावा लागतो. त्याला जमत नसंल तर त्याच्या जागी दुसरा बसीव, पन जीवच पायजे."

त्या हिवाळ्यात मावशी नेहमीसारखी ऊसतोडीला गेली, पण कारखान्याला न जाता एका गुऱ्हाळावर राहिली आणि मजुरी म्हणून गूळच मागितला. फाल्गुनात ती ढेपा घेऊन आली. तिच्या घरात मुंग्या फार, म्हणून तिनं ढेपा माझ्या गिरणीत रचल्या. मग माझ्या गिरणीत मुंग्या फार झाल्या. जिच्या-तिच्या पिठात मुंगी निघू लागली, आणि मी गिऱ्हाइकांना सांगत बसलो की ही सूर्यभानची मुंगी आहे, हिला काही म्हणू नका.

त्यानंतर ती मला घेऊन हर्सूलला गेली. फाशी रद्द झाल्यानंतरची ती पहिली मुलाखत. जाळीपलीकडे सूर्यभान आला. डोळे खोल गेले होते, गालफडं वर आली होती. मावशीनं त्याला नखशिखांत पाहिलं. सहा-सात वर्षं ज्याच्या मरणाच्या धाकात काढली, त्या पोराशी आई काय बोलते याकडे शिपायाचंही लक्ष होतं. ती म्हणाली, "किती भरतूस?"

"काय माय?"

"वजन रं. हितं जोखतेत का न्हाई?"

सूर्यभानला आधी कळलं नाही. मी सांगितल्यावर तो हसला. हसायची सवय गेली होती, त्यामुळे आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं आणि मग नीट हसू आलं. "जोखतेत. पन्नासला बी कमीच हाय." मावशी खूश झाली, कारण ढेपा पुरून उरणार होत्या. तिनं त्याला सगळं सांगितलं, गुऱ्हाळ, मुंग्या, लिंबाजी, त्याच्या जागी कुणाला बसवायचं याची गावात लागलेली चढाओढ. तो ऐकत होता. मग त्याचं हसू उतरलं.

"माय, गूळ वाटशील ते बरं हाय. पन रंगनाथच्या घरी काय देशील?"

वेळ संपल्याचं शिपायानं सांगितलं. परतीच्या रेल्वेत ती खिडकीशी बसून राहिली, आणि जालन्याच्या पुढं गेल्यावरही तिचं तोंड बंदच होतं. मी दोनदा चहा विचारला. सेलू स्टेशन आलं तेव्हा ती एकदम उठली आणि बोचकं उचललं. "उतर," म्हणाली. "वालूर हितून जवळ हाय ना?"

रंगनाथ गेल्यावर तानुबाई मुलाला घेऊन वालूरला माहेरी राहायला गेली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. तिचा मुलगा भुजंग याचं आता वालूरच्या स्टँडवर हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कुडाच्या तीन भिंती, एक भट्टी आणि बाकडी, पण भजी नावाजलेली. आम्ही जाऊन बाकावर बसलो. भट्टीमागं भुजंग उभा होता, आणि त्याला पाहून मावशीनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. पोरगा चांगला क्विंटलभर असावा. बनियनमधून पोट बाहेर, दंड माझ्या मांडीएवढे, आणि कढईवर झुकला की मागची भिंत दिसेनाशी व्हायची. "अगं माय," मावशी पुटपुटली, "ह्याच्यात दोन सूर्यभान बसतेन." तेव्हा कुठं मला कळलं की ही बाई इथं कशासाठी उतरली आहे. माझ्या हातातला पाण्याचा गिलास तसाच राहिला.

तिनं आडवळण घेतलं नाही. भुजंगपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी सूर्यभानची माय."

भुजंगनं वर पाहिलं. कढईतली भजी करपायला लागली तरी त्यानं झारा हलवला नाही.

"त्याची फाशी माफ झाली," मावशी म्हणाली. "म्या नवस बोलले व्हते, त्याला गुळानं जोखीन म्हून. त्याच्या जागी दुसरा मानूस बसवायचा हाय. तू बसशील का, इचारायला आले."

"माझा बाप जळाला," भुजंग म्हणाला, "आन् मी गुळात बसू?"

"व्हय. मला दुसरं कुनी दिसंना. माझ्या पोराचा जीव वाचला, तुझ्या बापाचा न्हाई वाचला. मंग ज्याच्या घरचा गेला त्याचं वजन आदी भरावं, असं माझ्या मनात आलं. न्हाई म्हन, तरी माझं काई म्हननं न्हाई. तसंच देवीला सांगीन, मला जमलं न्हाई. तुला काय करायचं ते कर."

शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं. ऐकणाऱ्याला त्यात काही वाटलं नसतं. पण मला ठाऊक होतं की तिच्या लेखी नवस चुकला तर दिल्लीची सही पुसली जाणार होती. गावात पारड्यात बसायला डझनभर माणसं तयार होती. ती सोडून तिनं पोराचा जीव या करपलेल्या कढईपुढं आणून ठेवला होता, आणि होय-नाही म्हणायचं रंगनाथच्या मुलावर सोडलं होतं. मला त्या वेळी तिचा रागच आला, आणि त्याच वेळी तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं.

मागं गिलास विसळत बसलेली बाई उठून पुढं आली. तीच तानुबाई. हात पदराला पुसत तिनं मावशीकडे पाहिलं.

"कोर्टात तुला बगितलंय म्या," ती म्हणाली. "तुझ्या पोराचं बोलनं बी ऐकलंय. बगायचं काम माझं व्हतं, म्हनला. समद्यांत त्यो एकलाच तसं म्हनला." मग म्हणाली, "फाशी दिली तवा मला कुनी इचारलं न्हाई. माफ केली तवा बी इचारलं न्हाई. दिल्लीवाल्याला मी काय ठाऊक? दारात येऊन इचारनारी तू पयली."

"मंग?" मावशी म्हणाली.

"मंग काई न्हाई. च्या पी. येनं न येनं ज्याचं त्याचं."

भुजंगनं करपलेली भजी काढून टाकली, नवा घाणा घातला आणि दोन चहा आमच्यापुढं आणून ठेवले, जरा जोरातच. मावशीनं दिवस सांगितला, चैत्रातला पुनवेआधीचा मंगळवार, आणि आम्ही निघालो.

त्या मंगळवारी राणीसावरगावच्या देवळापाशी जत्राच भरली. आमचं गाव बैलगाड्या जुंपून आलं होतं. अडतीवरचा मोठा तराजू आणून चिंचेच्या फांदीला टांगला होता, पारड्यांना फुलं बांधली होती. ढेपा आणि त्यांच्याबरोबर उरलेल्या मुंग्या मी गाडीत घालून आणल्या होत्या. हलगी वाजत होती. मावशीनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती सारखी स्टँडकडे बघत होती. सकाळची गाडी आली, गेली. दुसरी आली, तिच्यातून एक नवरा-नवरी आणि शेळी उतरली. ऊन चढलं.

लिंबाजीची चुळबुळ सुरू झाली. "कडूबाई, येळ जायलाय. ह्यो दत्तराव बसायला तयार हाय, बराबर पन्नासाचा हाय. बसीव अन् मोकळी व्हय."

"थांब."

"ते येनार न्हाईत. कोन येईल असं?"

"न्हाई आले तर न्हाई," मावशी म्हणाली. "पन म्या इचारलंय त्यांला. इचारल्यावर वाट बगावी लागती." आणि ती पारड्याच्या दोरीला धरून उभी राहिली. देवळाच्या दाराकडे तिनं असं पाहिलं की मी देवी असतो तर मीच स्टँडवर जाऊन गाडी ओढून आणली असती.

दुपारची गंगाखेडची गाडी आली. आधी तानुबाई उतरली. मग गाडीचा दरवाजा काही वेळ भरून गेला, आणि भुजंग उतरला. पांढरा टेरिलीनचा शर्ट, केसांना तेल. हलगीवाल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यानं ठेका बदलला. भुजंग सरळ चिंचेखाली आला, मावशीला म्हणाला, "कुठं बसू?" आणि बसला. पारडं दाणकन जमिनीवर टेकलं. चिंच वरपासून खालपर्यंत हलली, आणि सगळ्यांच्या अंगावर पानं पडली.

आम्ही ढेपा चढवल्या. एक, दुसरी, तिसरी. सगळ्या संपल्या. गुळाचं पारडं होतं तिथंच, आभाळात. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "भुजंगा, एक पाय खाली टेकीव रं, कोन बगायलंय." भुजंगचे कान लाल झाले. पण त्यानं दोन्ही पाय पारड्यात ओढून घेतले. "न्हाई," तो म्हणाला. "बसलो तर पुरा बसनार."

हे ऐकून मावशी टाळ्या पिटत हसली. "मर्दा, वजन असावं तर असं." आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. माझ्या बायकोनं शिदोरीतला गूळ आणून टाकला. मालनबाई, जी तलावावर सूर्यभानच्या टोळीत माती वाहायची, तिनं पुरणासाठी आणलेला गूळ दिला. देवळाभोवतालच्या घरांतून डबे आले, चिंध्यांत बांधलेले खडे आले, चहाच्या बरणीच्या तळाला चिकटलेले तुकडे चाकूनं खरवडून आले. लिंबाजी आधी हे नियमात बसतं का म्हणून बघत होता. मग आत गेला आणि नैवेद्याचा गूळ घेऊन आला. पारडं खाली येत गेलं. पण दांडी काही सरळ होईना. थोडकं राहिलं, आणि गावातला गूळ संपला.

तानुबाई इतका वेळ बाजूला उभी होती. तिनं कमरेची चंची सोडली आणि तीतून कागदाची पुडी काढली. चांगला मुठीएवढा, काळसर गुळाचा खडा होता. "ह्यो म्या त्यांच्या नावानं आनला व्हता," ती म्हणाली. "देवीपुढं ठिवायला." ती रंगनाथबद्दल बोलत होती हे सगळ्यांना कळलं, आणि हलगी थांबली. तिनं तो खडा ढेपांवर ठेवला, हात काढला. दांडी हलली, आणि भुजंगचं पारडं जमिनीवरून सुटलं. एवढा मोठा गडी वीतभर वर उचलला गेला आणि तिथं हलकासा झुलत राहिला. खाली वाकून, पाय खरंच सुटलेत का, ते त्यानं पाहिलं, आणि लहान पोरासारखा हसला.

देवीचा उदो झाला तो बहुधा गंगाखेडपर्यंत ऐकू गेला असेल. मावशीनं पहिला खडा तानुबाईच्या हातात दिला, आणि दोघी एकमेकींचे हात धरून राहिल्या. मग मावशीनं त्याच हातांनी तिला ओढलं आणि साठीच्या त्या बाईनं चिंचेखाली फुगडीचा घेर धरला. तानुबाई आधी नको नको म्हणत होती. भुजंगला मात्र उतरता येईना, कारण तो उतरला की गूळ धुळीत पडणार. त्यामुळे गूळ वाटत जाऊ तसा तो हळूहळू खाली येत गेला, आणि आईची फुगडी त्यानं पारड्यात बसूनच पाहिली. मी त्या दिवशी इतका गूळ खाल्ला की दोन दिवस मला दळताना चक्कर येत होती. नवस मानत नाही हे मी आजही म्हणतो, पण हल्ली जरा हळू म्हणतो.

पुढं सूर्यभानची चांगली वर्तणूक मोजली गेली, सरकारनं सूट दिली आणि चौऱ्याण्णवच्या जानेवारीत तो सुटला. त्याच संक्रांतीला युनिव्हर्सिटीला नवं नाव मिळालं होतं. कुठं फटाके, कुठं बंद, एस.टी. चालेल की नाही याचा भरवसा नव्हता. तरी आम्ही सगळे त्याला घ्यायला फाट्यावर गेलो. गाड्या येत होत्या, सूर्यभान उतरत नव्हता. मावशी मात्र दगडावर बसून वाटाणे सोलत होती. अंधारून आलं तशी ती उठली. "चला घरी. त्यो वालूरला उतरला आसंल."

आणि तसंच होतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आला, आणि मावशी गिरणीवर होती म्हणून सरळ तिथंच आला. त्याच्या हातात तेलानं डागाळलेला भज्यांचा पुडा होता, आणि खिशात तानुबाईनं दिलेला तिळगूळ. रात्री हॉटेलातच झोपलो म्हणाला, सकाळी भुजंगबरोबर भट्टी पेटवली. मावशीनं त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवला. मग पुडा सोडून एक गार भजं तोंडात टाकलं. "पोरगं तेल लय वापरतंय," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून भज्यावर पडलं.

मी म्हणालो, "मावशी, आता खरा सूर्यभान आलाय. गिरणीत काटा हाय. जोखू का त्याला?"

"नगं," ती म्हणाली. "त्याचं वजन भुजंगनं भरलंय." मग सूर्यभानचा हात धरून ती घराकडे चालू लागली, आणि चार पावलांवर वळून तिनं गिरणीच्या आवाजाच्या वर जाणाऱ्या त्या आवाजात मला सांगितलं, "बन्सीधर, गिरणी बंद कर. आज कुनी दळायचं न्हाई."

पट्टा या वेळी शाबूत होता. मी इंजिन बंद केलं.